वापरलेले लॅपटॉप ऑनलाइन विकणं आणि त्यावरचे रिटर्न: गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर वापरलेले लॅपटॉप आणि थोडे फोन विकतोय. विक्री कशी वाढवावी यावर ढिगानं व्हिडिओ आहेत. पण विकलेला माल खरेदीदार परत करतो म्हणाला की विक्रेत्यानं काय करायचं, यावर मराठीत मला कामाचं फारसं काही सापडलं नव्हतं. म्हणून विक्रेता खात्यातल्या फक्त रिटर्नच्या भागाबद्दल, तो वापरताना काय कळलं ते सविस्तर लिहितेय.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. टेबलावरचं काम धाकटा भाऊ बघतो. लिस्टिंग, पॅकिंग, हिशेब आणि रिटर्न माझ्याकडे. माल मुख्यतः कंपन्यांनी वापरून काढलेले बिझनेस सिरीजचे लॅपटॉप. काउंटरवर गिऱ्हाईक समोर बसून मशीन चालू करतं, कीबोर्ड दाबून बघतं, घासाघीस करतं आणि घेऊन जातं. काही झालं तर संध्याकाळी परत येतं आणि दहा मिनिटांत विषय संपतो. ऑनलाइनला तेच गिऱ्हाईक जालन्यात किंवा चंद्रपुरात असतं, आणि त्याची तक्रार आपल्यापर्यंत येते ती यादीतून निवडलेल्या एका ओळीत: ‘सदोष निघाला’, ‘वर्णनाप्रमाणे नाही’, ‘चुकीची वस्तू आली’, ‘आता नको’.

त्या ओळीवरून लगेच मंजूर किंवा नामंजूर काही करू नये, हे माझं ठाम मत आहे. विनंती आल्यावर पहिल्या तासाभरात चॅटवर खरेदीदाराला गाठायचं, नेमकं काय होतंय ते त्याच्या शब्दांत लिहायला सांगायचं, आणि शक्य असेल तर पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ मागायचा. लोकांना दोषाचं नाव सांगता येत नाही, पण काय दिसतंय ते नीट सांगता येतं.

जालन्याच्या एका ताईंनी मुलाच्या क्लाससाठी थिंकपॅड घेतला होता. कारण ‘सदोष निघाला’, खाली एवढंच की कॅमेरा चालत नाही. मी लिहिलं, “ताई, स्क्रीनच्या वर कॅमेरा आहे तिथं लाल ठिपका दिसतोय का?” त्यांनी फोटो पाठवला, ठिपका स्पष्ट दिसत होता. त्या मॉडेलला कॅमेऱ्यावर बारीक सरकती झडप असते. ती बंद असली की लाल खूण दिसते आणि चित्र काळं येतं. “नखानं ती पट्टी बाजूला सरकवा.” थोड्या वेळानं उत्तर आलं, “झालं हो, दिसायला लागलं!” रिटर्न त्यांनीच मागे घेतला. तो लॅपटॉप निघून आमच्याकडे पोचला असता तर दोन्हीकडचा कुरिअरचा खर्च आमच्या अंगावर, पैसे अडकलेले, आणि त्या पोराचा क्लास तोवर बंद.

दुसरं उदाहरण नागपूरच्या एका विद्यार्थ्याचं. लॅपटॉप हळू चालतो, चार्जही होत नाही, परत घ्या म्हणाला. व्हिडिओ बघून भाऊ म्हणाला, “अक्का, ह्यो बोर्डाचा प्रॉब्लेम न्हाई. त्येनं चार्जर कुठला लावलाय ते इचार आधी.” आम्ही दिलेला ६५ वॅटचा चार्जर घरी राहिला होता आणि होस्टेलवर तो टाइप-सी म्हणून मित्राच्या फोनचा चार्जर लावत होता. पिन बसते, पण तेवढ्या वॅटवर लॅपटॉपचं भागत नाही. मशीन स्वतःचा वेग कमी करतं. आता प्रत्येक डब्यात झाकणाखाली मराठीत छापलेला एक कागद असतो: कॅमेऱ्याची झडप, चार्जरचे वॅट, पहिल्यांदा चालू करताना काय दिसेल. त्या कागदानं ‘सदोष’ म्हणून येणाऱ्या विनंत्या डोळ्यांत भरतील इतक्या कमी केल्या.

यात एक धोका आहे. खरेदीदाराला बोलण्यात गुंतवून रिटर्नची मुदत घालवणारे विक्रेते आहेत, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. मी विचारते ती दोष ओळखण्यासाठी. खरंच दोष असेल तर त्याच दिवशी मंजूर. कायदाही तेच सांगतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, हेही त्याच नियमांत आहे. त्यामुळे ‘जुना माल, जसा आहे तसा, परत घेतला जाणार नाही’ असं लिस्टिंगमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं म्हणून सुटका होत नाही. खरेदीदारानं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर आपल्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते योग्यच आहे.

मात्र जो दोष आपण आधीच सांगितला, तो ‘वर्णनाप्रमाणे नाही’ मध्ये बसत नाही. म्हणून आमचं सगळ्यात जास्त कष्टाचं काम लिस्टिंगमध्ये जातं. ‘बॅटरी चांगली’ हे दोन शब्द आम्ही लिहीत नाही. विंडोजमध्ये पॉवरसीएफजीची बॅटरी रिपोर्टची कमांड दिली की मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे मिळतात. मूळ ४५,००० मिलिवॅट-तास आणि आज ३१,५०० असेल, तर ७० टक्के असं लिहायचं आणि रिपोर्टचा फोटो लावायचा. झाकणावरचा ओरखडा नाणं शेजारी ठेवून दाखवायचा. कीबोर्डवर घासून चकाकणारी बटणं तिरक्या उजेडात दाखवायची. भावाला आधी वाटायचं की एवढं दाखवल्यावर कोण घेणार. घेतात, आणि घेतलेलं ठेवतात.

फोनच्या बाबतीत आणखी एक भीती असते, ती चोरीच्या फोनची. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, मिळतो. केवायएम लिहून, जागा सोडून, तो १५ आकडी क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला की फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही तपासता येतं. आम्ही पाठवण्याआधी तपासतो आणि खरेदीदारालाही हातात आल्यावर स्वतः तपासायला सांगतो.

आता परत येणाऱ्या मालाबद्दल. या बाजाराच्या रिटर्नमधला सगळ्यात कच्चा भाग हाच. न्यायला आलेला कुरिअरचा मुलगा ब्रँड, रंग आणि चार्जर आहे का एवढंच बघतो. लॅपटॉपच्या पोटात काय आहे ते तो बघू शकत नाही, त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. म्हणून पाठवताना आम्ही एक सलग व्हिडिओ काढतो: बायोसमधला (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधला) सिरियल क्रमांक, तळाच्या स्टिकरवरचा सिरियल, क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅममध्ये दिसणारा एसएसडीचा, म्हणजे आतल्या डिस्कचा, सिरियल आणि ती किती तास चालली आहे तो आकडा, मग पॅकिंग, मग लेबल. मध्ये कुठंही कॅमेरा बंद करायचा नाही. तळाच्या दोन स्क्रूंवर नेलपॉलिशचा थेंब टाकतो. दुरुस्तीवाल्यांची ही जुनी पद्धत आहे: स्क्रूड्रायव्हर लागला की तो थेंब तडकतो आणि पुन्हा तसाच बसत नाही.

‘आता नको, उघडलासुद्धा नाही’ म्हणून एक मशीन परत आलं. आमच्यासमोर सील फोडलं, थेंब तडकलेला. आत ५१२ जीबीच्या एसएसडीच्या जागी २५६ जीबीची, दुसऱ्याच कंपनीची. परत आलेला डबा उघडतानाचाही आम्ही सलग व्हिडिओ काढतो, लेबलापासून सुरुवात करून. दोन्ही व्हिडिओ जोडून नुकसानभरपाईचा दावा टाकला. उत्तर आलं, ‘पुरावा अपुरा’. कारण दिलं नव्हतं. मग मी दोन्ही व्हिडिओंमध्ये लेबल, बायोस सिरियल आणि एसएसडी सिरियल कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला दिसतात ते लिहून तोच दावा पुन्हा टाकला आणि तो मंजूर झाला. पुरावा पहिल्यांदाही तोच होता. बघणाऱ्यानं पूर्ण व्हिडिओ बघितला नव्हता, एवढाच निष्कर्ष मी काढू शकते. विक्रेत्याच्या बाजूनं या खात्यावर माझा सगळ्यात मोठा राग याच जागी आहे. दावा टाकायची मुदत मोजून काही दिवसांची, आणि नकाराला कारण नाही. छोट्या दुकानाला पंधरा-अठरा हजारांचं एक मशीन बुडालं तर महिनाभराची कमाई जाते.

फोन परत येताना वेगळी पंचाईत. खरेदीदारानं आपलं गूगल खातं टाकलेलं असतं आणि ते न काढता तो बटणं दाबून फोन रिकव्हरीतून रीसेट करतो. त्याला वाटतं फोन साफ झाला. चालू केला की फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि तिथंच अडकतो. म्हणून रिटर्न मंजूर करतानाच मी लिहिते, “दादा, आधी सेटिंगमध्ये जाऊन गूगल खातं काढा, मग तिथूनच रीसेट करा.” आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करायचं, राहिलं तर खरेदीदाराला घरबसल्या आयक्लाउडवरून तो फोन काढून टाकता येतो. लॅपटॉपमध्ये लोकांचे फोटो, बँकेची कागदं तशीच राहिलेली असतात. ती आम्ही उघडत नाही. काही हवंय का एवढं विचारतो, एक दिवस थांबतो आणि डिस्क पुसतो.

एक प्रसंग असा की जिथं रिटर्न मागवूच नये. टचपॅड वर उचललाय, क्लिक होत नाही, असा फोटो आला की ती बॅटरी फुगलेली असते. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानानं पाठवायला मनाई आहे, आणि पार्सल कुठल्या वाटेनं जाईल ते आपल्या हातात नसतं. अशा वेळी आधी सांगायचं की चार्जर काढा, मशीन बंद करा, दाबू नका, टोचू नका. मग सपोर्टला फोटो पाठवून उचल थांबवायची आणि पैसे परत करायचे. बॅटरी जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायला सांगायची, घरच्या कचऱ्यात नाही. यात आपलं नुकसान होतं. ते सोसावं. कुणाच्या घरात आग लागण्यापेक्षा ते केव्हाही परवडतं.

अर्धे पैसे परत देऊन खरेदीदारानं माल ठेवायचा, हा मार्गही खात्यात आहे आणि तो चांगला आहे. एखादा यूएसबी पोर्ट चालत नसेल तर बरेच जण खुशीनं ठेवतात. पण ती रक्कम खात्यातूनच द्यायची. बाहेरून यूपीआयनं दिली तर नंतर पूर्ण रिटर्नही पडू शकतो आणि आपल्याकडे दाखवायला काही नसतं. ‘रिफंड जुळवण्यासाठी’ म्हणून कुणी क्यूआर पाठवला आणि पिन टाकायला सांगितला तर तिथंच थांबावं. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करायचा.

हिशेबाचं थोडक्यात. परत आलेल्या प्रत्येक मालाची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) त्याच महिन्यात करून ठेवावी. बाजार आपल्या विक्रीवर जीएसटीपोटी आधीच कापतो तो कर, टीसीएस, १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के आहे, आणि तो परत आलेला माल वजा करून उरलेल्या निव्वळ रकमेवर धरला जातो. जीएसटी पोर्टलवरचा आकडा आणि आपली वही दर महिन्याला जुळवा. आमच्याकडे रिटर्न पुढच्या महिन्यात पोचल्यामुळे तफावत दिसायची.

कोल्हापूरकरांसाठी पावसाचं वेगळं लिहायला हवं. पंचगंगेला मोठा पूर आला की शिरोलीजवळ हायवेवर पाणी येतं. २०१९ आणि २०२१ मध्ये तो बंदच होता. अशा वेळी परतीचं पार्सल कुठंतरी उभं राहतं, पण खात्यातले दिवस मोजणं थांबत नाही. पावसाळ्यात रिटर्न चालू असेल तर रस्ता बंद असल्याची बातमी आणि ट्रॅकिंगचा फोटो त्याच दिवशी तक्रारीत जोडून ठेवायचा. मुदतवाढ मागताना तो उपयोगी पडला. दमटपणाही आहेच. आयफोनमध्ये सिमच्या खाचेत ओल दाखवणारी खूण असते, पाणी लागलं की ती लाल होते. पाठवताना तिचा फोटो काढला नसेल तर पाणी आपल्याकडे शिरलं की वाटेत, यावर वाद घालत बसावं लागतं. आम्ही आता सिलिका जेलची पुडी, जाड प्लास्टिकची पिशवी आणि त्यावर खोका, असं बाराही महिने करतो.

एकूण मत विचाराल तर लॅपटॉपसाठी हे खातं मी चालू ठेवणार आहे. चॅट चांगली आहे, अर्धा रिफंड चांगला आहे, खरेदीदाराचे पैसे वेळेत परत जातात आणि त्यामुळे लांबच्या जिल्ह्यातला माणूस कोल्हापूरच्या अनोळखी दुकानातून घ्यायला धजतो. नुकसानभरपाईचा भाग मात्र कमकुवत आहे. ज्यांच्याकडे माल तपासणारा स्वतःचा माणूस नाही, नुसता घाऊक घेऊन पुढे पाठवतात, त्यांनी यात उतरू नये. फोन आम्ही जून ते सप्टेंबर ऑनलाइन ठेवायचे बंद करतोय. ते काउंटरवरच विकू. आणि एसएसडीचा सिरियल आता व्हिडिओबरोबर बिलावरही छापतो, म्हणजे खरेदीदारालाही पहिल्या दिवशीच ताडून बघता येईल.