एकवीस हजारांच्या अलीकडे की पलीकडे? ईएसआय आणि कंपनीची मेडिक्लेम

पगार वीस हजारांच्या पुढे सरकला की कारखान्यातल्या माणसाला एक चमत्कारिक पेच पडतो. ईएसआय, म्हणजे सरकारची कामगार राज्य विमा योजना, महिना २१,००० पर्यंतच्या पगारालाच लागू. थोडी वाढ घेऊन ही रेघ ओलांडायची आणि कंपनीच्या मेडिक्लेममध्ये जायचं, की रेघेच्या अलीकडेच थांबून ईएसआय राखायची? कायद्याने यात कामगाराला निवड दिलेली नाही, पण नवी नोकरी धरताना एचआरवाले हळूच विचारतात. मला अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये विचारलं होतं: २२,३०० आणि मेडिक्लेम, की २०,८०० आणि ईएसआय? मी दुसरं घेतलं. घरच्यांनी वेड्यात काढलं होतं.

हीच निवड फेब्रुवारी २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी मांडली होती. ईएसआय हवी की विमा कंपनीची पॉलिसी, हे कामगारालाच ठरवू द्या, असा तो प्रस्ताव. पीएफ आणि ईएसआय यांच्याकडे ग्राहक नाहीत, ओलीस आहेत, असाही टोला त्यांनी मारला. युनियनवाले खवळले. त्यांचा हिशेब असा, की ईएसआयची वर्गणी पगारावर ठरते आणि उपचार आजारावर. तरुण, धडधाकट, बऱ्या पगाराचे गडी स्वस्त पॉलिसी घेऊन निघून गेले तर मागे उरणार म्हाताऱ्या आई-बापांचे, आजारी बायकोचे आणि तुटपुंज्या पगाराचे लोक. त्यांचा भार मग कोणी उचलायचा? तो पर्याय शेवटी काही आला नाही. खरं सांगतो, तेव्हा मी कामगार दवाखान्याच्या रांगेत ताटकळणारा माणूस होतो आणि मला जेटलींचं पटलं होतं.

पुढे मर्यादेबाहेर पगार देणारी नोकरी मिळाली आणि तीन लाखांच्या मेडिक्लेमचं कार्ड खिशात आलं. चकचकीत खासगी हॉस्पिटल, एसी, रांग नाही. मग हर्नियाचं ऑपरेशन निघालं.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. त्या दिवशी जनरल वॉर्ड आणि दोन खाटांची खोली दोन्ही भरलेलं होतं, रिकामी होती ती ४,५०० ची. मी म्हटलं, दीड हजार रोजचा फरक, दोन दिवस, तीन हजार गेले तर गेले. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी सलाइनची सुई काढली आणि कपडे घालून बसलो. टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने बिलं तपासणाऱ्या संस्थेची) मंजुरी यायला संध्याकाळचे सात वाजले. काउंटरवरच्या पोराने कागद पुढे सरकवला. बिल ९०,०००. औषधं, जाळी, तपासण्या धरून ३०,००० पूर्ण मान्य. उरलेल्या ६०,००० मधले ४०,००० मंजूर. का? तर खोली दीडपट महाग घेतली, म्हणून सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, सगळंच त्याच प्रमाणात छाटायचं. खोली बदलली म्हणून सर्जनने काही दीडपट टाके घातले नव्हते! वर हातमोजे, कापूस, असलं काहीबाही मिळून २,८००. बायकोने मेव्हण्याला फोन लावला. आम्ही २२,८०० भरले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते.

तुमच्या पॉलिसीत ही अट नसेलही. चांगल्या कंपन्या ती काढून घेतात म्हणे. पण सही करण्यापूर्वी विमा रकमेच्या आकड्याआधी खोलीभाड्याची ओळ वाचा, एवढंच सांगेन.

अंबडला मी पुन्हा ईएसआय धरली ती यानंतरच. ईएसआयमध्ये असला हिशेबच नाही. २०,००० पगारावर आपले १५० जातात, मालकाचे ६५०. (जुलै २०१९ मध्ये वर्गणी साडेसहावरून चार टक्क्यांवर आणली तेव्हा मालकाचा दीड टक्का वाचला, आपला एक. कोणाचा फायदा जास्त, ते तुम्हीच पाहा.) आणि मेडिक्लेम जिथे हात वर करते, तिथे ईएसआय सुरू होते. गेल्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. ॲडमिट व्हावं लागलं नाही, तीन आठवडे घरी पडून होतो. मेडिक्लेमने यात काय दिलं असतं? ईएसआयने पहिले दोन दिवस सोडून रोजच्या पगाराच्या ७० टक्के दिले. पोरीची फी त्यातूनच गेली. त्यासाठी आजारपणाचं सर्टिफिकेट घ्यायला पिवळ्या डोळ्यांनी दवाखान्यात खेटे घालावे लागले, हेही खरं. नवीन लागला असाल तर हा पगाराचा लाभ पहिले काही महिने मिळत नाही. उपचार मात्र पहिल्या दिवसापासून.

ईएसआयची बाजू घेताना जीभ थोडी अडखळते. निम्मी औषधं कधीकधी ‘बाहेरून आणा’. मोठ्या आजाराला रेफरची चिठ्ठी आणि त्या चिठ्ठीवर आणखी एक सही. मरोळच्या कामगार रुग्णालयाला डिसेंबर २०१८ मध्ये आग लागून माणसं गेली, ते विसरता येत नाही. युनियनने मर्यादा वाढवण्याबरोबरच दवाखान्यांच्या अवस्थेवरही तेवढाच घसा कोरडा करावा, असं मला वाटतं.

स्वतःची वेगळी पॉलिसी घेणाऱ्यांना मध्यंतरी दिलासा मिळाला. नागपूरच्या एलआयसी कर्मचारी संघटनेचं निवेदन घेऊन नितीन गडकरींनी जुलै २०२४ मध्ये विम्यावरचा जीएसटी काढा, असं अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं, त्यावरून संसदेबाहेर विरोधकांची निदर्शनंही झाली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर तो अजून आहे.

तुम्ही एकटे असाल, आई-वडील तुमच्यावर अवलंबून नसतील आणि वाढ पाच-सहा हजारांची असेल, तर खुशाल पलीकडे जा. हजार-दीड हजारासाठी मी जाणार नाही. आणि जायचंच ठरलं, तर वाढ एप्रिलऐवजी मेपासून लावायला सांगून बघा. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. काळ सुरू झाल्यावर पगार मर्यादेबाहेर गेला, तर सप्टेंबरपर्यंत वर्गणी चालू राहते आणि तिच्यावरचे लाभ पुढच्या जूनपर्यंत मिळतात. एचआरवाले हे आपणहून सांगत नाहीत.