अहवाल कुठून काढायचे: स्टँडबायवरून की वेगळ्या प्रतीवरून?

लातूरच्या अडतीचे सोयाबीन हंगामातले अहवाल पोस्टग्रेस डेटाबेसच्या स्टँडबायवर (मुख्य सर्व्हरच्या राखीव प्रतीवर) चालवणं स्वस्त पडतं. तो सर्व्हर तसाही रिकामाच दिसतो. पण 'मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले', म्हणजे क्वेरीसाठी स्टँडबाय बदल लावायचं किती वेळ थांबवतो ते, मुळात 30 सेकंद असतं. प्रायमरीवरचा (मुख्य सर्व्हरवरचा) व्हॅक्यूम, म्हणजे जुन्या, मेलेल्या ओळींची सफाई, आड आला, की लांबलेली क्वेरी रद्द. तेच -1 केलं तर क्वेरी टिकते, मात्र स्टँडबाय मागे पडतो आणि ऐन फेलओव्हरला (प्रायमरी पडून स्टँडबायने जागा घ्यायच्या वेळी) साचलेला वॉल (WAL, बदलांची नोंदवही) लावत बसतो. 'हॉट_स्टँडबाय_फीडबॅक' चालू करून स्टँडबायच्या क्वेरींसाठी सफाई थांबवली, तर मेलेल्या ओळींनी प्रायमरी फुगते. सौदे चालू असताना हा पर्याय नकोच.

लॉजिकल रेप्लिकेशनच्या, म्हणजे टेबलांचे बदल ओळीओळीने घेणाऱ्या, वेगळ्या प्रतीला जादा सर्व्हर लागतो. पण इंडेक्स हवे तसे टाका. नवा कॉलम हाताने घालायचा, आधी प्रतीवर. प्रत बंद पडली तर स्लॉट (प्रत कुठवर आली याची प्रायमरीवरची खूण) वॉल धरून ठेवतो, प्रायमरीची डिस्क भरते. 'मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज'ला मर्यादा घालाच. मूळची -1 म्हणजे मोकाट.