९.९ एचपी आउटबोर्ड, दोन सीझन वापरून : छोट्या फायबर होडीला पुरते का?

मालवणजवळच्या देवबागात आमची २१ फुटी फायबरची होडी आहे, गोल बुडाची, जड, जाळी टाकायला मी बाबा आणि एक खलाशी. दोन सीझन झाले ९.९ एचपीची फोरस्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायची मोटर, लावून आणि येणारा जाणारा प्रत्येकजण एकच विचारतो की एवढी लहान का घेतलीस, १५ घ्यायची, २५ घ्यायची. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही कारण मग खाली यामाहावाले आणि सुझुकीवाले भांडत बसणार आणि मूळ मुद्दा बाजूला राहणार.

आधी होती ५ एचपी, सेकंडहँड. खाडीत मस्त चालायची, पेट्रोल अगदी नावाला. पण कर्ली नदी समुद्राला मिळते ते तोंड ज्यांना माहिती आहे त्यांना पुढचं सांगायला नको. जानेवारीत एकदा दुपारी परत येताना सुकती म्हणजे ओहोटी जोरात लागलेली, वर खारा वारा, ओली जाळी आणि बांगडा भरलेली होडी, आणि थ्रॉटल फुल करून पण किनाऱ्यावरचं एक सुरूचं झाड पंधरा मिनिटं माझ्या डाव्या हाताला तसंच उभं होतं. पाण्याची ओढ ३ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक समुद्री मैल) धरली आणि आपली होडी भरलेली असताना ४ नॉट जाते म्हटलं तर जमिनीच्या हिशोबाने आपण फार तर १ नॉटने सरकतोय. त्यात मोटर बंद पडली असती तर वल्ह्यावर काय होणार होतं. बाबा काही बोलले नाहीत पण घरी आल्यावर म्हणाले, हे इंजीन विकून टाक.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. चुलत भाऊ टुरिस्ट बोट चालवतो त्याची २५ ची टूस्ट्रोक चार दिवस मागून आणली. मोटरच पन्नास किलोच्या वर, दोघांनी उचलून बसवली. काकांनी किनाऱ्यावरनं बघूनच सांगितलं, "अरे होडी आसा ती, बुलेट नाय." मी ऐकलं नाही. थ्रॉटल दिला तशी नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर आभाळाकडे आणि पिछाडी पाण्यात बसली, मागून पाणी आत येतंय की काय वाटायला लागलं. मोबाइलच्या जीपीएसवर भरलेल्या होडीला साडेसात नॉट दिसले. ९.९ वर नंतर तीच होडी तेवढ्याच वजनाला साडेपाच देते. म्हणजे अडीच पट ताकद आणि जास्तीचे फक्त दोन नॉट.

असं का होतं ते नंतर कळलं. आपल्यासारखी जड गोल बुडाची होडी पाण्यावर चढत नाही, पाणी बाजूला सारत जाते, आणि स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. त्याचा एक ढोबळ हिशोब आहे, पाण्याला टेकलेली लांबी फुटात घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं, येतील ते नॉट. माझी होडी २१ फुटी असली तरी पाण्यात साधारण १८ फूट टेकते, वर्गमूळ सव्वाचारच्या आसपास, म्हणजे ५.७ नॉट, तासाला साडेदहा किलोमीटर. त्याच्या वर जायला प्रत्येक अर्ध्या नॉटला पेट्रोल ओतावं लागतं. सपाट बुडाची हलकी बोट असेल तर गोष्ट वेगळी, ती उचलते आणि पाण्यावर सरकायला लागते, तिला २५ काय ४० पण शोभते, वॉटरस्पोर्ट्सवाल्यांचं बघून आपण फसतो ते इथेच.

पेट्रोलचा हिशोब तर अजून वाईट. तोंडापासून ४ मैल बाहेर जाऊन परत, समुद्री मैल म्हणतोय, दोन्ही मोटरींवर करून बघितलं. २५ वर दहा लिटरच्या आसपास गेलं आणि वर त्यात ऑइल मिसळायचं ते वेगळं, ९.९ वर चारच्या आत. वेळ किती वाचला? वीस-बावीस मिनिटं. पेट्रोल शंभराच्या वर असताना वीस मिनिटांसाठी सहाशे रुपये, आणि मासळी काय वीस मिनिटांत कुजत नाही.

तर ९.९ घेतली. आणि इथे माझी खरी चूक झाली, एचपीच्या नादात शाफ्टची, म्हणजे मोटरपासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, लांबी बघितलीच नाही. ज्या डीलरकडून घेतली त्याच्याकडे शॉर्ट शाफ्ट स्टॉकमध्ये होती, त्याने तीच गळ्यात मारली, सगळे हीच नेतात म्हणाला. शॉर्ट म्हणजे १५ इंच उंचीच्या पिछाडीसाठी (मोटर टांगतो ती मागची फळी), लाँग २० इंचीसाठी. माझी भरते १९. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ना ती होडीच्या बुडाच्या पातळीत किंवा इंचभर खाली पाहिजे, माझी तीन-साडेतीन इंच वर. सपाट पाण्यात चालायची, पण तोंडावर लाट आली की पंखा हवा खायचा, इंजीन बोंबलायचं आणि होडी जागच्या जागी. नेमकं जिथे जोर पाहिजे तिथेच. दोन महिने भांडून वर पैसे भरून बदलून घेतली. मोटर बघायला जाताना टेप घेऊन जा, पिछाडी मधोमध मापा, बाकी सगळं नंतर.

दुसरं पंखा. कंपनीतून आलेला सव्वानऊ बाय दहाचा होता, पहिला आकडा व्यास आणि दुसरा पिच, म्हणजे एका फेरीत पंखा किती इंच पुढे जायला पाहिजे ते, तो हलक्या बोटीचा. भरलेल्या होडीत फुल थ्रॉटलला ४७०० आरपीएमच्या वर जाईना, पुस्तकात ५००० ते ६००० लिहिलंय. प्लगच्या वायरला गुंडाळायचा आरपीएम दाखवणारा छोटा टॅकोमीटर ऑनलाइन मिळतो त्याच्यावर बघितलं. मग आठ पिचचा पंखा लावला, पिच एक इंच कमी केला की साधारण २०० आरपीएम वाढतात, ५१०० आले, आवाज मोकळा झाला आणि सुकतीत चढायची ताकद एकदम वेगळी. वेग तोच राहिला पण ओढ आली. दमलेल्या बैलासारखं कमी आरपीएमवर फुल थ्रॉटल देत राहिलात तर इंजीन लवकर जातं, हे मेकॅनिक सगळ्यांना सांगतात आणि कोणी ऐकत नाही. जड होडीला हाय थ्रस्ट म्हणून एक प्रकार येतो, खालचा गिअर वेगळा आणि पंखा मोठा, मिळत असेल तर तो आधी बघा.

१५ का नाही घेतली हा प्रश्न तरी राहतोच. बऱ्याच कंपन्यांत ९.९ आणि १५ एकाच ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या एकाच सांगाड्यावर, असतात, सुझुकीची फोरस्ट्रोक ९.९, १५ आणि २० तिन्ही ३२७ सीसी. वजन जवळपास तेच. त्यामुळे किमतीत फार फरक नसेल आणि होडी २४-२५ फुटी असेल, चार माणसं जात असतील, तर सरळ १५ घ्या, अर्ध्या थ्रॉटलवर चालवा, मी काही नाही म्हणणार नाही. माझ्या होडीत तो जादा जोर वापरायला जागाच नाही.

केरोसीनवाल्या मोटरींचं विचारतात, मी चालवलेली नाही. शेजाऱ्याची बघतो, सुरू पेट्रोलवर करायची, गरम झाली की केरोसीन, आणि बंद करायच्या आधी परत पेट्रोल. तो एकदा विसरला की दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या किनाऱ्याला त्याच्या शिव्या ऐकू येतात.

बाकी देखभाल फार नाही. परत आलं की गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवायची, मागून पाण्याची धार येते का बघायची, धार बारीक झाली तर इम्पेलर, म्हणजे इंजीन थंड ठेवायला पाणी ओढणारी रबरी चकती, बदला, स्वस्त असतो, आणि नाही बदलला तर इंजीन महाग पडतं. १ जूनला बंदी लागली की उतरवून घरात उभी ठेवतो, आडवी नाही. किल स्विचची दोरी (माणूस पडला की ती ओढली जाऊन मोटर बंद होते) मनगटाला बांधायची, ही सवय मला अजून नीट लागलेली नाही, बाबा रोज ओरडतात.

पाचातले चार स्टार. एक कापलाय तो सुरू करायच्या दोरीसाठी. थंडीत पहाटे मतलई वाऱ्यात तीन-चार झटके द्यावे लागतात आणि बाबांचा उजवा खांदा आता साथ देत नाही, त्यामुळे मी नसलो की ते खलाशाला पुढे करतात आणि स्वतः चोक धरून बसतात. सेल्फ स्टार्टचं मॉडेल येतं, पण त्याला बॅटरी लागणार आणि उघड्या होडीत खाऱ्या पाण्यात ती किती दिवस टिकणार, कोणी लावली असेल तर खाली सांगा.