ब्लेड रनर: डब्यात पाच आवृत्त्या, पण पैसे नेमके कशाचे मोजायचे?

रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' विकत घ्यायला गेलं की पहिला प्रश्न उभा राहतो तो "यातला कुठला?" हा. 1982 चा अमेरिकी, त्याच वर्षी बाहेरच्या देशांत गेलेला जरा जास्त रक्ताळलेला, 1992 चा 'डायरेक्टर्स कट', 2007 चा 'फायनल कट' आणि या सगळ्यांच्या आधीचा कच्चा 'वर्कप्रिंट'. हे पाचही एकत्र मिळतात ते डिसेंबर 2007 मध्ये आलेल्या पाच डिस्कच्या संचात. 2017 साली फायनल कटची 4K डिस्क आली, तेव्हापासून जुन्या संचाला किंमत उरली आहे का, हा चाहत्यांमधला नेहमीचा वाद. माझं मत आधीच सांगतो: सिनेमा बघायचा असेल तर 4K डिस्क पुरे. सिनेमा कसा बिघडला आणि कसा दुरुस्त झाला हे बघायचं असेल तर पाच डिस्कच्या संचाला पर्याय नाही.

हातात आलेली प्रत कुठली आहे हे कालावधीवरून कळत नाही. वर्कप्रिंट 113 मिनिटांचा आहे, बाकी चारही 116-117 मिनिटांच्या घरात. त्यात युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर सिनेमा सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटींनी पळतो, म्हणून तो चार-पाच मिनिटं आधीच संपतो आणि लोकांना वाटतं काहीतरी कापलंय. खरी ओळख तीन जागी पटते. नायक डेकार्ड, म्हणजे पळालेल्या रेप्लिकंटांना (कृत्रिम माणसांना) शोधून मारणारा पोलीस, नूडल्सच्या गाडीसमोर पेपर वाचत उभा आहे तेव्हा त्याचं, म्हणजे हॅरिसन फोर्डचं, निवेदन सुरू झालं, तर ती 1982 ची प्रत. शेवटी लिफ्टचं दार बंद होऊन सिनेमा संपला तर बाकीच्या तीनपैकी एक. डेकार्ड आणि त्याची प्रेयसी रेचल उन्हातल्या डोंगरांतून गाडीने निघाले तर पुन्हा 1982. आणि लिफ्टच्या दाराशी संपणाऱ्या तीन प्रतींमध्ये फरक करायचा तर रेप्लिकंटांचा म्होरक्या रॉय बॅटी त्यांना बनवणाऱ्या टायरेलकडे आयुष्य वाढवून मागतो ते वाक्य ऐका. शेवटचा शब्द शिवी असेल तर 1992, 'फादर' असेल तर फायनल कट किंवा वर्कप्रिंट. वर्कप्रिंट मग लगेच ओळखू येतो, कारण त्याच्या सुरुवातीला नेहमीचा मजकूर वर सरकत नाही. रेप्लिकंट या शब्दाची एका काल्पनिक शब्दकोशातली व्याख्या दिसते.

1982 चं निवेदन आणि सुखान्त कुठून आले हे माहीत असलं की त्या प्रतीवरचा राग थोडा निवळतो. डेनव्हर आणि डॅलसच्या चाचणी खेळांत प्रेक्षक गोंधळले, म्हणून समजावून सांगणारा आवाज वरून चढवला आणि शेवट गोड केला. डोंगरांवरची ती हवाई दृश्यं स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द शायनिंग'साठी चित्रित झालेल्या, न वापरलेल्या फिल्ममधली आहेत. सगळा सिनेमा धूर, पाऊस आणि रात्र, आणि अखेरीस अचानक लख्ख हिरवा डोंगर! ठिगळ लपत नाही. निवेदनाबद्दल मात्र मी सरसकट नावं ठेवणार नाही. जुन्या डिटेक्टिव्ह सिनेमांची चाल त्यात आहे आणि पहिल्यांदाच बघणाऱ्याला शहराची ओळख करून द्यायला त्याचा उपयोग होतो. ते नडतं रॉयच्या मृत्यूपाशी. रॉयचं काम करणाऱ्या रुटगर हॉवरने स्वतः छाटून-घासून बसवलेलं ते भाषण संपतं, आणि दोन श्वास जायच्या आत डेकार्ड आपल्याला त्याचा अर्थ सांगायला लागतो.

आंतरराष्ट्रीय प्रत म्हणजे हेच सगळं, वर हिंसेचे काही क्षण जास्त: टायरेलचे डोळे, प्रिस ही रेप्लिकंट डेकार्डच्या नाकपुड्यांत बोटं घालून त्याला उचलते तो भाग, रॉय स्वतःच्या तळहातात खिळा ठोकतो तो भाग. फायनल कटमध्ये हे सगळं परत आलेलं असल्यामुळे ही प्रत वेगळी बघायचं कारण फारसं उरत नाही.

1992 चा डायरेक्टर्स कट हा नावापुरताच दिग्दर्शकाचा. 1990 साली लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात 70 मिमीची जुनी प्रत म्हणून जे दाखवलं गेलं ते प्रत्यक्षात वर्कप्रिंट निघालं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं आणि स्टुडिओला त्यात धंदा दिसला. स्कॉटचं म्हणणं, हा कच्चा माल आहे, माझा कट नव्हे. मग त्याच्या टिपणांवरून घाईघाईत ही आवृत्ती तयार झाली. निवेदन काढलं, सुखान्त काढला, पियानोपाशी बसलेल्या डेकार्डला दिसणारा युनिकॉर्न (एकशिंगी घोडा) घातला. निवेदन गेलं तिथली जागा मात्र तशीच राहिली, त्यामुळे काही दृश्यं विनाकारण रेंगाळतात, आणि तांत्रिक चुका जिथल्या तिथे. फक्त हीच आवृत्ती असलेली जुनी डीव्हीडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

फायनल कटमध्ये खरी कारागिरी आहे, आणि थांबत थांबत बघितली तरच ती कळते. डेकार्डचा साहेब ब्रायंट त्याला सांगतो की सहा रेप्लिकंट पळाले, त्यातला एक जळून मेला. उरले पाच. सिनेमात दिसतात चार. मूळ पटकथेतलं एक पात्र गळलं आणि संवाद बदलायचा राहिला, एवढंच त्यामागचं कारण. पण चाहत्यांनी पंचवीस वर्षं तो हरवलेला पाचवा म्हणजे डेकार्डच, असे इमले बांधले. फायनल कटमध्ये ब्रायंट "दोन जळाले" म्हणतो आणि हिशेब जुळतो. (डेकार्ड रेप्लिकंट आहे की माणूस, हा वाद त्यामुळे संपला असं कोणाला वाटत असेल तर त्याने चाहत्यांच्या बैठकीत एकदा बसून बघावं. स्कॉट म्हणतो रेप्लिकंट, फोर्ड म्हणत आला माणूस.)

झोरा या रेप्लिकंटचा मृत्यू बघा. जुन्या प्रतींमध्ये काचा फोडत धावणारी बाई जोआना कॅसिडी नाही, स्टंट करणारी आहे, हे कोणाच्याही लक्षात येतं: विग वेगळा, चेहरा वेगळा. 2007 च्या कामासाठी कॅसिडीला पुन्हा बोलावून तिच्या डोक्याच्या हालचाली चित्रित केल्या आणि तो चेहरा स्टंटवालीच्या अंगावर बसवला. मध्ये पंचवीस वर्षं गेली आहेत, तरी सांधा सापडत नाही. साप विकणाऱ्या अब्दुलच्या दुकानात डेकार्डचे ओठ एक बोलायचे आणि आवाज दुसराच यायचा. तिथे हॅरिसन फोर्डच्या मुलाचं, बेन फोर्डचं, तोंड चित्रित करून जोडलंय. रॉय मरतो तेव्हा हातातलं कबुतर उडतं ते जुन्या प्रतीत निळ्या, कोरड्या आकाशात, खाली मुसळधार पाऊस सुरू असताना. आता ते काळोख्या आभाळात जातं. रॉय पहिल्यांदा दिसतो तो फोन बूथमधला शॉट तर पुढच्या टायरेलच्या प्रसंगातून उचललेला होता, त्यामुळे त्याच्या खांद्यावर टायरेलचा अंगठा दिसायचा! तो पुसला, मागचं दृश्य बदललं. उडत्या गाड्यांना क्रेनवरून धरून ठेवणाऱ्या केबलही गेल्या.

या दुरुस्त्या मला मान्य आहेत कारण त्या निसटलेल्या चुकांच्या आहेत. नव्या यंत्रणेचा तोरा मिरवायला कोणी त्या शहरात जास्तीची गर्दी किंवा संगणकातल्या इमारती कोंबल्या नाहीत. 'स्टार वॉर्स'च्या 1997 नंतरच्या प्रतींवर चाहते ज्यासाठी खवळतात ते इथे घडलेलं नाही, आणि मुख्य म्हणजे जुन्या प्रती विकणं बंद न करता त्याच डब्यात दिल्या आहेत.

तक्रार आहे ती रंगांची. फायनल कटची छटा हिरव्या-निळ्याकडे झुकवलेली आहे. जॉर्डन क्रोननवेथच्या छायाचित्रणातला थंड निळा आणि दिव्यांचा पिवळा यांच्यातली झुंज जुन्या प्रतींमध्ये जास्त स्पष्ट दिसते. लागोपाठ दोन्ही डिस्क लावून डेकार्डच्या घरातला प्रसंग बघितला की फरक डोळ्यांत भरतो. 4K डिस्कच्या एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या पद्धतीत) निऑन आणि आगीचे लोळ जिवंत होतात, पण झुकाव तोच राहतो.

4K चित्राचा दर्जा मात्र वादातीत. मूळ 35 मिमी निगेटिव्ह 4K वर आणि डग्लस ट्रम्बलच्या चमूने 65 मिमीवर टिपलेली विशेष दृश्यं 8K वर स्कॅन करून 2007 चं काम झालं होतं, त्यामुळे ही डिस्क म्हणजे फुगवलेलं चित्र नव्हे. त्या काळी एकावर एक प्रतिमा चढवताना दर वेळी चित्र थोडं पुसट व्हायचं. मोठ्या फिल्मवर टिपल्यामुळे इथे ते नुकसान भरून निघालं. म्हणून सुरुवातीचा कारखान्यांचा देखावा काही साध्या प्रसंगांपेक्षाही जास्त रेखीव दिसतो. आवाज डॉल्बी ॲटमॉसमध्ये आहे. व्हँजेलिसचं संगीत आणि पाऊस वरून, मागून असा सगळीकडून येतो.

4K डिस्कला रीजनची (ठरावीक देशांतल्याच प्लेअरवर चालण्याची) अट नसते, पण प्लेअर अल्ट्रा एचडीचाच हवा. डिस्कवाला प्लेस्टेशन 5 किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स चालतो, प्लेस्टेशन 4 प्रो चालत नाही. टीव्हीत एचडीआर नसेल तर 4K च्या नादी न लागता साधी ब्लू-रे लावा, नाहीतर आधीच अंधारा सिनेमा राखाडी दिसेल. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा, खोलीतले दिवेही.

आता संचातल्या त्या दोन गोष्टी, ज्यांच्यासाठी तो घ्यायचा. एक वर्कप्रिंट. चित्र फिकट, ओरखडे भरपूर, आणि शेवटच्या पाठलागात व्हँजेलिसचं संगीत नाही, तात्पुरतं उसनं घातलेलं आहे. निवेदन फक्त रॉयच्या मृत्यूपाशी, तेही वेगळं. संपादकाच्या टेबलावर अर्धवट पडलेला सिनेमा असा एरवी बघायला मिळत नाही. सोबत या सिनेमावर पुस्तक लिहिणाऱ्या पॉल सॅमनची कॉमेंटरी आहे, ती लावूनच दुसऱ्यांदा बघा. दुसरी गोष्ट 'डेंजरस डेज' हा साडेतीन तासांचा माहितीपट. पैशांवरून झालेली भांडणं, स्कॉट आणि अमेरिकी कामगारांमधली तेढ, फोर्डची नाराजी, सगळं त्यात करणारेच सांगतात. प्रकरणं पाडलेली आहेत, एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. वगळलेल्या प्रसंगांचा पाऊण तासाच्या आसपासचा भागही आहे. डेकार्डच्या आधी या कामावर असलेला, इस्पितळात पडलेला होल्डन त्यातच भेटतो. ब्रीफकेसच्या आकाराच्या पॅकमधली खेळण्यातली गाडी आणि युनिकॉर्न यांसाठी जास्तीचे पैसे मोजायला मी सांगणार नाही.

1982 च्या दोन आणि 1992 ची एक अशा तीन जुन्या आवृत्त्या संचात एकाच डिस्कवर आहेत. समान भाग एकदाच साठवून वेगळे तुकडे प्लेअर जोडत जातो. जुन्या प्लेअरवर अशा जोडांपाशी चित्र क्षणभर अडखळू शकतं. ती डिस्क खराब असल्याची खूण नाही. त्यांचा आवाजही साध्या डॉल्बी डिजिटलमध्येच आहे.

संच आता बहुतेक जुन्या बाजारातच मिळेल, तेव्हा विक्रेत्याकडून डिस्कचे फोटो मागवा. 2007 साली हाच माल एचडी डीव्हीडीवरही निघाला होता; ते माध्यम पुढच्याच वर्षी बंद पडलं आणि त्या डिस्क ब्लू-रे प्लेअरवर चालत नाहीत. डब्याचं चित्र बघून फसाल, डिस्कवरचं चिन्ह वाचा. डीव्हीडीमध्ये चार डिस्कचाही संच आहे, त्यात वर्कप्रिंट नाही. 4K च्या पॅकमध्येही तो असेलच असं नाही. पाठीमागच्या यादीत 'वर्कप्रिंट' हा शब्द दिसला नाही, तर विक्रेता "कम्प्लीट" म्हणत असला तरी पैसे पाठवू नका.