एससीए, मुलांसकट : वर्षभर वापरून झाल्यावर

एससीए (सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम, सोळाशेच्या आधीचा काळ हौसेने जगून बघणाऱ्यांची संस्था) म्हणजे काय, लोक जुन्या काळचे कपडे घालून वेताच्या तलवारींनी एकमेकांना का बडवतात, हे सगळं नेटवर सापडेल, ते परत टाइप करत बसत नाही. १९६६ साली बर्कलीत कुणाच्या तरी मागच्या अंगणात पार्टी झाली तिथून हे प्रकरण सुरू झालं, आता किंग्डम (म्हणजे त्या त्या भागातल्या शाखा) आहेत, राजा-राणी आहेत, आम्ही न्यू जर्सीत म्हणजे ईस्ट किंग्डमची प्रजा. मी लिहितेय ते फक्त पोरं घेऊन जाणाऱ्यांसाठी. नवरा-बायको दोघंच जाणार असाल तर तुमचा अनुभव वेगळा असेल, मजा करा.

आज लिहायला बसले ते एका बकलमुळे. मुलगी दहाची, तिला यूथ कॉम्बॅट करायचंच होतं. आमच्याकडे सहा ते नऊ, दहा ते तेरा आणि चौदा ते सतरा असे गट आहेत. मोठ्यांची तलवार म्हणजे सव्वा इंची वेत असतो, पोरांकडे फोम आणि भरपूर डक्ट टेप. फोमसाठी हेल्मेट कशाला असं नवरा म्हणाला होता पण ते लागतंच, आणि हनुवटीखालचा पट्टा पण लागतो. मार्शल म्हणजे लढाईवर देखरेख करणारा माणूस, तो लढाईआधी दर वेळी सगळ्यांचं सामान तपासतो, हेल्मेट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवतो, पट्टा ओढून बघतो, आत बोट घालून पॅडिंग चाचपतो. मोठ्यांच्या हेल्मेटच्या जाळीतून एक इंचाची काठी आत जाता कामा नये, असले नियम. ह्या बाबतीत मला काहीही तक्रार नाही, उलट शाळेच्या फुटबॉलला कोणी इतकं बघत नाही.

तर एका ऑनलाइन दुकानातून (नाव लिहीत नाही, उगाच लफडं नको) एकशे ऐंशी डॉलरचं हेल्मेट मागवलं. एकशे ऐंशी! दहा वर्षांच्या डोक्यासाठी, जे डोकं पुढच्या वर्षी त्यात मावणार नाही. दुसऱ्याच प्रॅक्टिसला मार्शलने पट्टा ओढला आणि बक्कल रिव्हेटसकट त्याच्या हातात. मुलगी त्या दिवशी पूर्ण वेळ कुंपणाबाहेर तोंड फुगवून बसली. दुकानाला मेल केला तर उत्तर काय, की तुम्ही हेल्मेटमध्ये बदल केलेत म्हणून वॉरंटी नाही. बदल म्हणजे काय, तर आतून फोमचं पॅडिंग चिकटवलं! आता पॅडिंग वेगळं घेऊन लावा हे त्यांच्याच पानावर लिहिलेलं आहे, मी स्क्रीनशॉट काढून पाठवला, तर म्हणे परत पाठवा, बघू, शिपिंग तुमचं. मी विचारलं शिपिंग किती, बत्तीस डॉलर. बत्तीस डॉलरमध्ये आमच्या इंडियन स्टोअरमध्ये महिन्याची डाळ येते.

शेवटी ग्रुपमधल्या एका काकांनी (साठीचे असतील, वीकेंडला चिलखतं बनवतात) लॉन चेअरवर बसल्या बसल्या माझ्या नवऱ्याचा जुना कमरेचा पट्टा कापला, दोन रिव्हेट ठोकले, दहा मिनिटांत काम झालं. पैसे घेईनात. मी घरच्या चकल्यांचा डबा दिला तो मात्र लगेच घेतला. आणि मग ते सहज म्हणतात, विकत कशाला घेतलंत, ग्रुपच्या उसन्या सामानाच्या ट्रंकेत मुलांची दोन हेल्मेट आहेत की. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहीत नाही. पहिल्याच दिवशी आम्हाला लॅटिन मोटो, म्हणजे ब्रीदवाक्य, कसा निवडायचा हे चाळीस मिनिटं समजावलं होतं, ट्रंकेबद्दल एक शब्द नाही. म्हणून पहिला सल्ला, कुठल्याही ग्रुपमध्ये गेलात की आधी विचारा ट्रंक कुठे आहे, मग बाकीच्या गप्पा.

कपड्यांचंही तेच. नवीन माणसाला उसने कपडे मिळतात, त्याला गोल्ड की म्हणतात, आयडिया उत्तम. मोठ्यांचे रॅकच्या रॅक. पण मुलांच्या खोक्यात एक तर रांगणाऱ्या बाळाचे झबले, नाही तर सहा फुटी टीनएजरचा ट्यूनिक. मधल्या वयाचं काहीच नाही, कारण सात ते दहाची पोरं कपडे परत करण्याच्या लायकीचे ठेवतच नाहीत, गुडघ्यावर फाटलेले आणि गवताचे डाग पडलेले. लिननचा ट्यूनिक शिवून घ्यायचा तर दर सहा महिन्यांनी नवीन. मी धाकट्याचा मुंजीतला झब्बा आणि धोतर काढलं. पुण्यात गेल्या डिसेंबरात घेतलेलं, एकदाच घातलेलं, जीव जळत होता पडून आहे म्हणून. कोणी एक अवाक्षर काढलं नाही, उलट दोघीतिघींनी कापड चिमटीत धरून बघितलं. इथे सोळाशेच्या आधीचं वाटेल असा प्रामाणिक प्रयत्न दिसला की पुरतं, आणि युरोपियनच हवं असंही नाही.

सोळाशेवरून घरात मोठा राडा झाला तो सांगते. इथे आपापलं त्या काळातलं एक पात्र ठरवायचं असतं. धाकट्याला मावळा व्हायचं होतं, मंडळाच्या शिवजयंतीचा ड्रेस तयार आहे, फेटा आहे, प्लास्टिकची ढाल आहे. पण महाराजांचा जन्म १६३०चा, म्हणजे खेळाच्या बाहेर. ड्रेस घातला म्हणून कोणी हाकललं नसतं हो, पण नाव नोंदवायचं, निशाण काढायचं तर हेराल्ड लोक (नावं आणि निशाणं तपासून नोंदवणारे) साल विचारतात. हा रडून लाल. मग मी मालोजीराजांवर आले, महाराजांचे आजोबा, वेरूळचे, निजामशाहीत सरदार, काळ बसतो. मुलगी म्हणाली मी चांदबिबी. १५९५-९६चा नगरचा वेढा, मोगलांनी सुरुंगाने तट उडवला आणि हिने रातोरात खिंडार बुजवून घेतलं, ती गोष्ट तिला आजोबांनी सांगितलेली. तर तेही चालत नाही! खऱ्या ऐतिहासिक व्यक्तीचं सोंग घ्यायचं नाही, त्या काळात असू शकली असती अशी कुणीतरी साधी व्यक्ती व्हायचं. म्हणजे मालोजीराजे पण गेले. दोन दिवस अबोला. मग हिनेच तोडगा काढला, मी त्या रात्री खिंडारात दगड आणून देणारी मुलगी. धाकटा तिच्या हाताखाली दगड वाहणारा, ह्यावर त्याची अजून हरकत आहे. पण खरं सांगते, इथे मराठी शाळेत जे झालं नसतं ते ह्या नियमामुळे झालं, दोघांनी मिळून नगरचा किल्ला कागदावर काढला, बुरुजांसकट.

थांबा, हे अर्धं लिहून ठेवलं होतं आणि मध्ये दुकानाचं उत्तर आलं. गुडविल म्हणून पंधरा डॉलरचं स्टोअर क्रेडिट. त्यांच्याकडची सगळ्यात स्वस्त वस्तू बावीस डॉलरची आहे, चामड्याची एक थैली. म्हणजे अजून सात डॉलर आणि शिपिंग मी घालायचं. नमस्कार.

आता जिच्यावर मी सुरुवातीला सगळ्यात जास्त चिडले होते ती गोष्ट. मुलांच्या कार्यक्रमाला दोन मोठी माणसं हवीतच, आणि ती एकमेकांच्या नात्यातली नकोत. एका इव्हेंटला मुलांचं मेणबत्त्या करायचं सेशन ऐन वेळी रद्द, कारण दुसरी बाई आजारी. मी म्हटलं आम्ही दोघं थांबतो ना. नाही म्हणे, नवरा-बायको म्हणजे एकच धरतात, तिसरं कोणी हवं. सात-आठ पोरं मेणाकडे बघत उभी आणि शंभरेक मोठी माणसं मैदानात दुसऱ्यांची लढाई बघत खुर्च्या टाकून बसलेली, त्यातलं एकही उठेना. बॅकग्राउंड चेकवाली माणसं कमी, आणि आहेत त्यातली निम्मी कायम मैदानात. तेव्हा मी ह्याला पाचपैकी दोन दिले असते. मग मी स्वतःच बॅकग्राउंड चेकचा फॉर्म भरला आणि आता महिन्याआड माझी पाळी असते. आत बसल्यावर कळतं की नियम बरोबर आहे, माझ्या मुलीच्या तंबूत कोणीही एकटा अनोळखी माणूस कधीच नसणार हे मला ठामपणे माहिती आहे, भारतातल्या कुठल्या शिबिरात मला अशी खात्री नव्हती. वांधा नियमाचा नाहीये, आयतं पाळणाघर मिळालं असं समजून पोरं सोडून जाणाऱ्या आईबापांचा आहे. तुम्ही जाणार असाल तर एकाने तरी फॉर्म भरा, नाहीतर तक्रार करू नका.

फायद्याची गोष्ट सांगायची तर मार मोजायची पद्धत. इथे पंच गुण देत नाही. ज्याला लागलं त्यानेच सांगायचं की लागलं. धाकट्याला हे सुरुवातीला अजिबात झेपलं नाही. एकदा समोरच्या मुलीची तलवार त्याच्या हेल्मेटवर अशी बसली की पार्किंगमध्ये ऐकू गेलं असेल. तो थांबला, इकडे तिकडे बघितलं, मार्शलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कोणी काही बोललं नाही. ती मुलगी तलवार खाली करून नुसती उभी. किती वेळ गेला देव जाणे, मग बारीक आवाजात 'गुड' म्हणाला आणि आडवा पडला. तेव्हापासून त्याला मरायचाच नाद लागलाय, दर लढाईत छाती धरून, गुडघ्यावर येऊन, आभाळाकडे बघून दोन मिनिटं मरतो, पुढची जोडी खोळंबते. घरी रिमोट कोणी तोडला विचारलं तर अजूनही शून्य.

जेवण. शाकाहारी असाल तर फीस्टचं, म्हणजे इव्हेंटच्या रात्रीच्या मेजवानीचं, बुकिंग करतानाच कळवा, सामानाची यादी मागा, देतात. मध्ययुगात ख्रिश्चनांचे उपासाचे दिवस खूप होते, त्या दिवसांचे बदामाच्या दुधातले पदार्थ ज्यांना नीट जमतात त्यांच्याकडे छान जेवण होतं, बाकीकडे ब्रेड आणि चीज. मिरची, टोमॅटो, बटाटा अमेरिकेतून आलेले, त्यामुळे ताटात सहसा नाहीत. पण फीस्ट रात्री सातला म्हणतात आणि पहिला पदार्थ आठला येतो, पोरांचं काय? मी डब्यात दहीभात नेते, लाकडी वाडग्यात काढते, कोणी विचारत नाही. ताट-वाट्या आपल्या आपण न्यायच्या आणि खरकटी घरी आणायची, हे कोणी आधी सांगत नाही. झिपलॉक न्या.

सासूबाई उन्हाळ्यात आल्या होत्या त्यांना नेऊ की नको असं झालेलं. नऊवारी नेसून आल्या, एका बाईच्या शेजारी बसल्या, ती टकळीवर लोकर कातत होती, ह्यांनी पिशवीतून कापूस काढला आणि वाती वळायला लागल्या. इंग्रजी जेमतेम. संध्याकाळपर्यंत त्या बाईला फुलवाती येत होत्या आणि सासूबाई माझ्यासाठी टकळी मागत होत्या. पाचपैकी पाच त्यांचे, माझे साडेतीन.

राहिलं पेन्सिक, म्हणजे एससीएचा दर उन्हाळ्यातला मोठा मेळा. १९७२ पासून चाललेलं, आता पेनसिल्व्हेनियात स्लिपरी रॉकजवळ कूपर्स लेकला, दोन आठवडे, दहाएक हजार माणसं. जुलैअखेर ते ऑगस्ट, इथे न्यू जर्सीत शाळा सप्टेंबरात म्हणून जमतं. आमच्याकडून सहाएक तास ड्राइव्ह, परत येताना पिट्सबर्गला वाकडी वाट करून पेन हिल्सच्या बालाजीला गेलो, मुलांनी तिथल्या कॅफेटेरियात इडली-डोसे असे खाल्ले की बाकीचे बघत होते. मुलांसाठी दिवसभर काही ना काही असतं. सामान ओढायला चाकाची गाडी हवीच, गमबूट हवेत, वादळ झालं की चिखल घोट्यापर्यंत. तंबू पाण्याच्या नळाजवळ मागा, पोर्टापॉटीजवळ नको, वारा कुठून येतो ते बघून घ्या.