केनेडींसारखं बोलावं की रोम्नींसारखं?

भाचा विधानसभेला अपक्ष फॉर्म भरायच्या तयारीत आहे. त्याचं घर महानुभाव पंथाचं, त्यांचं तीर्थक्षेत्र रिद्धपूर तासाभरावर. आमच्याकडे प्रचाराचा नारळ फुटतो मारुतीच्या पारावर, आणि याच्या घरात पंचकृष्णांखेरीज, म्हणजे पंथाच्या पाच अवतारांखेरीज, कुणापुढे हात जोडत नाहीत. पारावर कुजबुज सुरू झालीच: "जो देवीले मानत नाई, थो गावाले काय मानन?" रात्री त्याचा फोन. "मामा, धर्मावर एकदा बोलूनच टाकतो. पन कसं बोलू?"

या पेचातून अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे दोन उमेदवार गेलेत, दोघंही टेक्सासात. जॉन केनेडी कॅथलिक. हा निवडून आला तर कारभार पोप चालवील, असा संशय होता. 12 सप्टेंबर 1960 ला ह्यूस्टनमध्ये ते थेट प्रॉटेस्टंट पाद्र्यांपुढे उभे राहिले. मिट रोम्नी मॉर्मन. अनेक इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलनिष्ठ प्रॉटेस्टंट, मतदार त्यांना ख्रिस्तीच मानत नव्हते. ते 6 डिसेंबर 2007 ला कॉलेज स्टेशनला, थोरल्या बुश यांच्या ग्रंथालयात बोलले.

रोम्नींची तऱ्हा गोड. कॅथलिकांचा पूजाविधी, ज्यूंच्या जुन्या परंपरा, मुसलमानांची वारंवारची प्रार्थना, प्रत्येकाच्या पानात एकेक चमचा. आपल्याकडे तेच करायचं तर शेगावची शिस्त, मोझरीची सामुदायिक प्रार्थना, पोहरादेवीची भक्ती, ताजुद्दीनबाबांचा उरूस. टाळ्या हमखास. पण काहीच न मानणाऱ्याचं पान त्या पंगतीत नव्हतं. उलट सेक्युलॅरिझम हाच नवा धर्म लादला जातोय म्हणून त्यांनी तक्रार केली. 'मॉर्मन' हा शब्द अख्ख्या भाषणात एकदाच आला. पंथाची वेगळी शिकवण सांगायला त्यांनी नकार दिला, कारण तसं केलं तर अमेरिकेच्या संविधानाने मना केलेली धर्मपरीक्षाच सुरू होईल. युक्तिवाद पक्का. पण त्याच भाषणात येशू देवाचा पुत्र आहे, हे मात्र त्यांनी सांगून टाकलं. म्हणजे सोयीचा पेपर सोडवला, गैरसोयीच्या पेपराला बहिष्कार. गावात हे पाच मिनिटांत पकडलं जातं. पुढे 3 जानेवारी 2008 ला आयोवात, पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या पहिल्याच फेरीत, ते प्रतिस्पर्धी हकाबींकडून हरले, आणि हकाबी पूर्वी बाप्टिस्ट पाद्री होते! अर्थात हार काही एका भाषणामुळे होत नाही.

केनेडींनी सुरुवातच धर्माने केली नाही. उपाशी मुलं, डॉक्टरचं बिल न परवडणारे म्हातारे, शेती सोडावी लागलेली कुटुंबं, हे आधी. मग धर्म आणि राज्य यांच्यात पूर्ण फारकत. मग अलामो, टेक्सासच्या स्वातंत्र्यलढ्यातला किल्ला: त्या किल्ल्यात मेलेल्यांतले कॅथलिक कोण, हे कुणाला ठाऊक नाही, कारण तिथे धर्म विचारला नव्हता. अलामो टेक्सासचाच, म्हणून घाव बरोबर बसला. शेवटी स्वतःचेच हात बांधून घेतले: सदसद्विवेक आणि देशहित यांत कधी पेच पडलाच तर राजीनामा देईन. आणि नंतर त्या पाद्र्यांचे प्रश्न घेतले. माझ्या मते सगळं वजन या शेवटच्या दोन गोष्टींत आहे.

कायद्याचंही बघावं लागतं. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 123(3): धर्माच्या नावावर मत मागणं भ्रष्ट आचरण. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी 4 विरुद्ध 3 असा निकाल दिला की यात उमेदवारासोबत मतदाराचा धर्मही येतो. रोम्नींची यादी वाचून लगेच मत मागितलं तर विरोधक व्हिडिओ जपून ठेवतील. त्या वाटेला जायचंच असेल तर आधी वकील गाठावा.

तरी केनेडी जसाच्या तसा चालणार नाही. श्रद्धा खासगी, हे म्हणायला गावात खासगी काही असावं लागतं. इथे कोण कुणाच्या आरतीला नव्हतं हे सकाळी चहाच्या टपरीवर कळतं. म्हणून रोम्नींचं एक वाक्य मी उसनं घ्यायला सांगितलं: माझी श्रद्धा सांगितल्याने उमेदवारी बुडणार असेल तर बुडो, सोयीपुरत्या श्रद्धाळूंना लोक मान देत नाहीत.

बाकी सगळा केनेडी. सुरुवात संत्र्याच्या आंबिया बहाराच्या फळगळीने. अलामोच्या जागी शेजारचं आष्टी, 16 ऑगस्ट 1942, 'चले जाव'च्या लढ्यात तिथले हुतात्मे. पहिल्या रांगेत कुजबुजणाऱ्यांनाच बसवायचं आणि माईक खाली त्यांच्या हातात द्यायचा.

"अन् कोनं नारळाचं इचारलं तं?"

"फोडणार नाही म्हण. कारणही सांग."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, सभा पारावर नको, बाजाराच्या दिवशी शाळेजवळच्या मैदानात घेऊ.