४८६ लॅपटॉपवर जुन्या वॉकी-टॉकीचं प्रोग्रॅमिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

फ्लॉपी ड्राइव्ह पुन्हा बंद पडलाय, तेव्हा राग ताजा आहे तोवर लिहून टाकतो.

मोटोरोलाचे जीपी-३०० किंवा जीएम-३०० हे जुने वायरलेस सेट अजून जपून वापरणाऱ्यांनी यूएसबीची तयार प्रोग्रॅमिंग केबल मागवण्याआधी हे वाचावं. माझे पैसे तिच्यात गेले. विकणाऱ्याने ‘सगळ्या जुन्या सेटना चालते’ असं छातीठोकपणे लिहिलं होतं. परत द्यायला गेलो तर दोष माझ्या कॉम्प्युटरवर ढकलून मोकळा झाला.

या सेटचं आरएसएस (रेडिओ सर्व्हिस सॉफ्टवेअर), म्हणजे सेटमधली सेटिंग्ज वाचायचं-लिहायचं सॉफ्टवेअर, डॉसवरचं आहे आणि ते सिरियल पोर्टच्या चिपशी थेट बोलतं. उत्तरासाठी किती थांबायचं, हे ते प्रोसेसरच्या रिकाम्या फेऱ्या मोजून ठरवतं. प्रोसेसर वेगवान असला की फेऱ्या झटकन संपतात आणि रेडिओ उत्तर देण्याआधीच सॉफ्टवेअर वाट बघणं सोडतं. यूएसबीमधून गेलं की वर आणखी उशीर. सेट वाचताना असं झालं तर नुसता एरर येतो, पण लिहिताना मध्येच तुटलं तर कोडप्लग, म्हणजे सेटमध्ये साठवलेली सगळी सेटिंग्ज, अर्धवट राहतो, चेकसम (डेटा बरोबर आहे का ते तपासणारी बेरीज) जुळत नाही आणि चांगला चालता सेट बीप करत पडून राहतो.

म्हणून ४८६, म्हणजे जुन्या संथ प्रोसेसरचा हा लॅपटॉप. याला खरा नऊ पिनी सिरियल पोर्ट आहे, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरचा वेग उतरवायची सोय आहे. पोर्टला रिब लावायचा, म्हणजे संगणकाचा आरएस-२३२ सिग्नल रेडिओला झेपेल अशा ५ व्होल्टवर आणणारा तो डबा, आणि पुढे सेटची केबल. ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ दिसताच एफ-५ दाबायचं, म्हणजे ईएमएम-३८६ हा मेमरी सांभाळणारा प्रोग्रॅम वगैरे काही चढत नाही. एवढं केलं की सेट पहिल्या फटक्यात वाचला जातो. इतक्या महिन्यांत लिहिताना एकही सेट अडकला नाही. या कामात मशीनला पैकीच्या पैकी.

आता फ्लॉपी ड्राइव्ह. यातली तबकडी मोटर थेट फिरवत नाही, मध्ये एक बारीक रबरी पट्टा आहे. जुना पट्टा विरघळून काळा चिकट डांबर झाला होता, पुलीवरून तो स्पिरिटने खरवडून काढावा लागला. नवा बसवला, तो किंचित सैल निघाला. थंड असताना ड्राइव्ह चालायचा, थोडा वेळ गेला की ‘नॉट रेडी रीडिंग ड्राइव्ह ए’. कोडप्लगच्या फाइल्स बाहेर काढायला दुसरा मार्गच नव्हता, म्हणून ‘घेऊ नका असला लॅपटॉप’ असं लिहायचं मी ठरवूनच टाकलं होतं.

ते मत आता बदललं आहे. हार्ड डिस्क काढून तिथे ४४ पिनी अडॅप्टरवर कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवलं. हे कार्ड मुळातच आयडीईची, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कची, भाषा बोलतं, त्यामुळे ड्रायव्हर वगैरे काही लागत नाही. फक्त जुन्या बायोसची मर्यादा ५२८ एमबीची, तेव्हा मोठं कार्ड घेऊन जागा वाया घालवू नका. डॉस आणि आरएसएस मिळून त्याचा कोपराही भरत नाही. फाइल हवी तेव्हा कार्ड काढून रीडरमध्ये घालतो. आणि ती यूएसबी केबल टाकून दिली तरी साधा यूएसबी-सिरियल अडॅप्टर ठेवा: नल मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडणारी सिरियल केबल) लावून दोन्हीकडे कर्मिट हा फाइल पाठवायचा प्रोग्रॅम चालवला की फाइल्स बिनचूक येतात. कर्मिट प्रत्येक पाकीट तपासतं, चुकलं तर पुन्हा मागतं, उशीर झाला तरी थांबतं. रेडिओच्या बाबतीत नेमका हाच सोशिकपणा नसतो.

तरी पट्टा मी आणखी एकदा बदलणार आहे. चालू शकणारी वस्तू नुसत्या रबरापायी बंद ठेवणं मला जमत नाही.

घेणाऱ्यांनी आधी झाकण उघडून बॅटरी बघावी. मदरबोर्डवर निकेल-कॅडमियमची असेल आणि भोवती हिरवट-पांढरी बुरशी दिसली, तर फुकट मिळाला तरी सोडून द्या, तांब्याच्या रेषा खाल्लेल्या असतात. माझ्यातली गळण्याआधीच काढली, त्यामुळे दर वेळी तारीख १ जानेवारी १९८० दाखवतो. फाइलच्या तारखेवर विसंबता येत नाही. म्हणून सेट वाचला की काहीही बदलण्याआधी मूळ कोडप्लग सेव्ह करतो आणि नाव म्हणून सीरियल नंबरची शेवटची ८ अक्षरं देतो, कारण डॉसमध्ये त्याहून जास्त मावत नाहीत.